दोन रटाळ खून

निपाणीच्या वाचनालयात नवी डिटेक्टिव्ह कादंबरी आली की ती चांगली आहे की टाकाऊ, हे ठरवायला गावाला विद्वानाची गरज पडत नसे. माझे घरमालक आज जेवले का, एवढं विचारलं की काम भागायचं. जेवले असतील तर पुस्तक रद्दीतलं. उपाशी असतील तर पळा आणि नंबर लावा.

मी त्या वेळी निपाणीच्या पोस्टात कारकून होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची दोन-तीन वर्षं ती. खानापूरकडून आलेला एकटा माणूस, म्हणून मालकांच्या घराची रस्त्याकडची खोली भाड्याने घेतली होती. मालकांना सगळं गाव आप्पा म्हणायचं आणि त्यांच्या बायकोला आक्का. आप्पा मात्र कुणालाच नावाने हाक मारत नसत. मी त्यांच्या लेखी ‘पोस्ट’. माझ्या आधी त्या खोलीत एक मास्तर राहत, ते ‘साळा’. गल्लीतल्या डॉक्टरांना ते ‘ओ काढा’ म्हणत आणि डॉक्टर मुकाट्याने ओ देत.

उंच, वाळका देह, दोऱ्याने कानाला बांधलेला चष्मा आणि कपाळावर कायमची आठी. घर जैनाचं आणि धंदा तंबाखूचा. घरामागेच वखार होती आणि तिथून येणाऱ्या खकाण्यापायी मी पहिले दोन महिने नुसता शिंकत काढले. पण ज्या तंबाखूवर घर चालत होतं तिची एक बिडी आप्पांना उंबऱ्याच्या आत खपत नसे. मी एकदा त्यावरून डिवचलं तर म्हणाले, “इकायची गोष्ट येगळी, वडायची येगळी. कुंभार काय मडक्यात ऱ्हातो व्हय?” या दाखल्याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही.

माझ्या बाजेत ढेकूण झाले तेव्हा मी रॉकेलची बाटली घेऊन बसलो होतो. आप्पा रिकामी काडेपेटी घेऊन आले, माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि तासभर वाकून एकेक ढेकूण चिमटीत धरून पेटीत भरला. मग ती पेटी घेऊन गावाबाहेर गेले आणि पुण्याच्या सडकेच्या कडेला गवतात उघडून आले.

“आप्पा, गवतात ढेकूण खाणार काय?” मी विचारलं.

“ते त्येंचं त्येनी बघावं. मी मारलं न्हाई, एवढं खरं.”

असा हा माणूस, पाणी गाळल्याशिवाय न पिणारा, कंदमूळ न खाणारा, दिवस मावळायच्या आत ताटावरून उठणारा. आणि वाचायचा फक्त खून. संतचरित्र दिलं तर उशाला घेऊन झोपत. सामाजिक कादंबरी असली तर पहिलं पान उलटून विचारत, “ह्यात मरतंय कोन?” क्षयाने किंवा विरहाने मरणारी माणसं त्यांच्या हिशेबी मेलीच नव्हती. सुरा पाहिजे, फास पाहिजे, निदान कुणी जिन्यावरून ढकलला तरी पाहिजे.

वाचायचे ते दिवसाउजेडी. वखारीतून चारला येत, सोप्यावर बसत आणि दिवस मावळेपर्यंत वाचत. दिव्यावर पाकोळ्या येऊन जळतात, म्हणून वाचायला दिवा लावायचा नाही हा त्यांचा नियम होता. पुस्तकात खुन्याने पडद्याआडून सुरा उगारलेला असो, इकडे उजेड गेला की आप्पा तिथेच दोरा घालून पुस्तक मिटत. सुरा दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत वरच. मला ते बघवत नसे. पाकोळी वाचावी म्हणून हा माणूस खुनाची वाट बघत पडतो, हे मी त्यांना एकदा तोंडावर म्हटलंही.

“पाकुळी खरी असती ओ पोस्ट,” ते म्हणाले.

“आणि खून खोटा. मग उपास कशाला?”

उपासाचं प्रकरण असं होतं. पुस्तकात खून वाचला आणि वाचताना मजा आली, की दुसऱ्या दिवशी आप्पांचा उपास. दिवसातून एकदा गाळून तापवलेलं पाणी, बाकी काही नाही. मला त्यांनी समजावून सांगितलं, “खून खोटा हाय, ते मला बी ठावं हाय. शाई मरती, मानूस मरत न्हाई. पर मला मजा आली, ती खरीच की. कुनाचा तरी जीव जातोय आन माज्या मनाला गुदगुल्या हुत्यात. त्येचं पाप कुनाच्या नावावर? लिवनाऱ्याच्या?”

म्हणजे पाप खुनाचं नव्हतं, गुदगुल्यांचं होतं. त्यातून एक गोष्ट आपोआप निघाली. खून रटाळ असला, मजा आली नाही, तर पापही नाही आणि उपासही नाही. ताट वाढा. बरा असला पण पुढे ढेपाळला तर एक वेळ जेवायचं. विष घालून मारलेल्याला तर ते एक वेळचं जेवणसुद्धा सोडत नसत, कारण त्यात खुन्याला कष्ट नाहीत.

बस्तीतल्या उपाध्यांनी, म्हणजे त्यांच्या देवळातल्या पुजाऱ्यांनी, एकदा सुचवून पाहिलं, “आप्पा, त्यापरीस पुस्तकंच सोडा की.”

“पुस्तकं सोडली तर उपास कशाचं करू?” आप्पांनी विचारलं, आणि उपाध्यांनी घरचा रस्ता धरला.

गावाने मात्र हे सगळं आपल्या सोयीने वापरलं. आमच्या वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ‘वाचकांनी येथे अभिप्राय लिहू नयेत’ असा शिक्का असे आणि त्या शिक्क्याच्या चारी बाजूंनी अभिप्राय लिहिलेले असत. त्यांचा कुणालाच भरवसा नव्हता. आमचे पोस्टमास्तर प्रत्येक पुस्तकावर ‘खुनी चाळिसाव्या पानावरच ओळखला’ असं लिहीत आणि विचारलं तर भलत्याच माणसाचं नाव सांगत. शाळेचे हेडमास्तर लिहीत, ‘अशा वाङ्मयाने तरुण पिढी बिघडते. दुसरा भाग आल्यास माझ्यासाठी राखून ठेवावा.’ आप्पा लिहीत ते एकाच ओळीत, ‘खून इतके, उपास इतके.’ ती ओळ वाचायला लोक शेवटचं पान आधी उघडत. कुणी बढाई मारली की फलाणी कादंबरी अप्रतिम, तर दुसरा विचारी, “आप्पांचे उपास किती?”

आणि मग ती कादंबरी आली.

तिचं नाव सांगत नाही. लेखक कदाचित अजून असेल आणि त्याने माझं काही वाकडं केलेलं नाही. मुंबईत एकामागून एक दहा खून होतात, माणसं वेगवेगळी, पण खुनी एकच, आणि प्रत्येक प्रेत सापडतं ते गुळगुळीत दाढी केलेलं. एक कल्ला वर, एक खाली, ही खुन्याची खूण. गावात पुस्तक एकच आलं, पण त्याच्या गोष्टी आधीच कोल्हापूरहून आल्या होत्या. पंधरा दिवस गावातले निम्मे पुरुष दाढी वाढवून फिरत होते. आमचा न्हावी वैतागून म्हणाला, “न्हावी मारंल एकांद्याला, पर कल्लं वरखाली सोडायचा न्हाई. ह्यो खुनी शिकलेला मानूस हाय.” अख्ख्या गावात खरा निघाला तो त्याचाच अभिप्राय, पण तो वाचनालयाचा सभासद नसल्यामुळे कुठे लिहिला गेला नाही.

पुस्तक पहिल्यांदा आप्पांच्या हाती आलं आणि माझा नंबर दुसरा होता. भाद्रपद लागला होता. जैनांच्या दशलक्षणाचे दहा दिवस दुसऱ्या दिवसापासून सुरू व्हायचे होते. ते त्यांचे वर्षातले सगळ्यांत पवित्र दिवस. आक्का म्हणाल्या, “ह्ये धा दिस तरी खून वाचू नगासा.” पण पुस्तक आठ-दहा दिवसांत परत द्यायचं होतं. आप्पा सोप्यावर बसले आणि पहिल्या संध्याकाळी पहिला खून वाचला. दुसऱ्या दिवशी उपास.

लेखकाने बेट्याने दर प्रकरणाला एक खून ठेवला होता आणि चार ते मावळतीपर्यंत आप्पांचं एकच प्रकरण व्हायचं. रोज खून, रोज उपास. तिसऱ्या दिवशी आप्पा ताटाकडे बघेनात. पाचव्या दिवशी त्यांचा आवाज बसला, पण चार वाजता ते वखारीतून जवळजवळ पळत आले. मला म्हणाले, “ओ पोस्ट, काय मारतोय ओ! पाचवा तर असा मारलाय, वाचताना माजा हात माज्याच गालावर गेला.” आक्कांना ते रोजची गोष्ट सांगत. आक्का निवडणं-पाखडणं करत ऐकत आणि एकच प्रश्न विचारत, “त्या डिटेक्टिव्हाला घरदार न्हाई व्हय? जेवतंय कुटं त्ये?”

इकडे गावातल्या जैन मंडळींत भलतीच बातमी फिरत होती. दशलक्षणात दहाही दिवस कडक उपास करणारा माणूस लाखात एक, त्याचं पारणं, म्हणजे उपास सोडणं, वाजतगाजत होत असे. आप्पा रोज उपाशी आहेत हे सगळ्यांना दिसत होतं. कशासाठी, ते पुस्तकवाल्यांना ठाऊक होतं, बस्तीवाल्यांना नव्हतं. उपाध्यांना थोडा संशय असावा, पण त्यांनी तो गिळला. सहाव्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की अकराव्या दिवशी आप्पांची मिरवणूक काढायची.

आप्पा ते ऐकून हसले. पण आक्का हसल्या नाहीत. कारण त्याच दिवशी बोरगावहून निरोप आला होता.

आप्पांना राजमती नावाची एकच लेक होती. एकोणीस वर्षांची. त्या काळी एकोणीस म्हणजे गल्लीतल्या बायका बोटं मोडायच्या. बोरगावच्या एका बड्या शेतकरी घराशी तिच्या सोयरिकीचं बोलणं वर्षभर लोंबकळत होतं. मुलगा बेळगावात मॅट्रिक झालेला, सालस. राजमतीने त्याला एकदा बोरगावला पूजेच्या वेळी पाहिलं होतं. पाणी गाळताना फडक्याचं एक टोक तिने धरलं होतं आणि दुसरं धरायला तो पुढे झाला होता. एवढंच. पण तेव्हापासून तिने दुसऱ्या कुठल्याही स्थळाचं नाव काढू दिलं नव्हतं. हे मला आक्कांनी सांगितलं, कारण पोस्टातल्या माणसाच्या पोटात गोष्ट राहते असा त्यांचा गैरसमज होता.

लग्न अडलं होतं मुलाच्या वडलांपाशी. साठीच्या पुढचे, बोरगावच्या बस्तीचे कारभारी, फार सोवळे. त्यांनी मध्यस्थाला स्पष्ट सांगितलं होतं, “घर बरं हाय. पोरगी तर लईच बेस हाय. पर बाप वाचतोय.” आणि आता त्याच कारभाऱ्यांचा निरोप आला होता की आप्पांच्या तपाची गोष्ट ऐकून मन भरून आलं, पारण्याला आम्ही स्वतः येतो आणि त्याच दिवशी सुपारी फोडू.

आठव्या दिवशी संध्याकाळी मी पोस्टातून आलो तर आप्पा सोप्यावर पुस्तक मिटून बसले होते. उजेड चांगला अर्धा तास शिल्लक होता.

“काय झालं आप्पा?”

“नववा वाचला. धाव्वा बी वाचला. संपवलं.”

“मग?”

“रटाळ,” आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर दुखावल्यासारखा होता. “नववा म्हंजे एक माळी. ह्या पानावर आला, फुडच्या पानावर मेला. वळख न्हाई, पाळख न्हाई. माजं काय जातंय त्यो मेला तर? आन धावी बाई. बाईची दाडी कशी करनार? मग त्या शान्यानं तिचं केस इंचरलं. नेम मोडला ओ! आठ खून नेमानं केलं आन शेवटाला माती खाल्ली.”

आतल्या दारात आक्का उभ्या होत्या. त्यांना गोष्टीतलं काही कळलं नसेल, पण त्या एका शब्दाचा अर्थ त्यांना बरोबर कळला. रटाळ म्हणजे उद्या ताट.

दुसऱ्या दिवशी नववा दिवस. सकाळीच आप्पांनी सांगितलं, भाकरी टाका. आक्कांनी चूल पेटवली नाही.

“अवं, दोनच दिस ऱ्हायल्यात. आठ काडलासा, दोन काडा. पोरीचं सोनं हुतंय.”

“कशाचा उपास करू? पापच न्हाई.”

“देवाचा म्हना की!”

“देवाचा म्हनून सुरू केला न्हाई. आता मधीच देवाच्या नावावर ढकलू? आन त्या बोरगावच्या मानसाला फशिवून पोरगी दिऊ? उद्या कळलं म्हंजे?”

मी त्यांना बाजूला घेऊन पोस्टी डोकं चालवलं. म्हटलं, आप्पा, नववा खून परत वाचून बघा, कदाचित मजा येईल. त्यांनी प्रामाणिकपणे वाचला. दोनदा वाचला. मी मोठ्याने वाचून दाखवला, सुरा घुसतो तिथे आवाजही काढला. आप्पांनी जांभई दिली.

मग राजमती आली. थंड चुलीपुढून उठून आली आणि आप्पांच्या समोर बसली. म्हणाली, “आप्पा, लिवनाऱ्याला सांगता आलं न्हाई. मी सांगू?”

आणि तिने नववा खून सांगायला घेतला. मी आयुष्यात पुष्कळ रहस्यकथा वाचल्या, पण तशी ऐकली नाही. पुस्तकात एका पानाचा असलेला तो माळी, तिने त्याला गाव दिलं, गावी म्हातारी आई दिली, एक शेळी दिली. तो रोज सकाळी बंगल्यातली जास्वंदीची फुलं आधी मोजतो आणि मग तोडतो, असं काहीबाही सांगितलं. आईला पत्र लिहायचं म्हणून तो पोस्टात जातो, तिथला कारकून त्याला हाकलून देतो. हे मला उद्देशून होतं. आप्पा पुढे सरकत सरकत सोप्याच्या काठावर आले. मधूनमधून “मग?” म्हणत होते. आक्का दारात येऊन उभ्या. मला वाटलं, जमलं. आता हा मेला की आप्पांना मजा येणार आणि आज-उद्याचा प्रश्न मिटला.

खुनी माळ्याच्या खोलीत शिरला. वस्तरा काढला. आणि आप्पांनी राजमतीचा हात धरला.

“नगं,” ते म्हणाले. “नगं मारू त्येला.”

राजमती थांबली.

“आप्पा, मजा आली न्हवं?” मी घाईघाईने विचारलं.

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. “वंगाळ वाटलं ओ. म्हातारी वाट बघत आसंल.” मग म्हणाले, “वंगाळ वाटल्याला पाप न्हाई. वाडा मला.”

मला त्या क्षणी आप्पांचा इतका राग आला की मी उठून रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. पोरीने जीव ओतून सांगितलं आणि ते चांगलं झालं म्हणूनच फसलं. आत आक्का मुकाट्याने भाकरी थापत होत्या. तो थापण्याचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता.

आणि नेमक्या त्याच वेळी दारात छकडा थांबला. बोरगावचे कारभारी तंबाखूच्या कामाला निपाणीत आले होते, तपस्व्याला भेटून जावं म्हणून वाट वाकडी करून आले. मी त्यांना चार गोष्टींत अडकवून ठेवायचा प्रयत्न केला. बोरगावात पत्रं वेळेवर पोचतात का, असंही विचारलं. पण त्यांनी जोडा काढला आणि आत गेले.

आप्पांच्या हातात भाकरीचा दुसरा तुकडा होता.

“जयजिनेंद्र,” आप्पा म्हणाले. “बसा. जेवताय?”

कारभारी भाकरीकडे बघत म्हणाले, “अवं... आज नववा दिस न्हवं? पारनं परवा...”

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चक्कर आली, वैद्याने सांगितलं. आक्कांनी तसं सुरूही केलं होतं. आप्पांनी हाताने त्यांना गप्प केलं आणि सगळं सांगितलं. दहा खून, आठांत मजा, दोन रटाळ. पाप आणि गुदगुल्या. माळी. विंचरलेले केस. मध्ये एकही शब्द गाळला नाही. मी खांबाला टेकून उभा होतो आणि माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. आतल्या अंधारात राजमती होती, तिची बांगडीसुद्धा वाजली नाही.

कारभारी उपरणं झटकून उठले. मग म्हणाले, “पुस्तक कुटं हाय त्ये?”

आप्पांनी दिलं. त्यांनी उभ्याउभ्या पहिलं पान वाचलं, पुस्तक काखेत मारलं आणि पाणीही न घेता निघून गेले. माझा नंबर दुसरा होता हे सांगायची ती वेळ नव्हती.

पुढचे पंधरा दिवस त्या घरात वाईट गेले. मिरवणूक रद्द झाली. उपाध्ये समोरून आले की रस्ता बदलायचे. वाचनालयवाला रोज पोस्टात येऊन पुस्तकाची चौकशी करायचा आणि मी बोरगावकडे बोट दाखवायचो. कारभाऱ्यांनी पुस्तक चुलीत घातलं असणार, यावर गावाचं एकमत होतं. आक्का नवऱ्याशी बोलत नव्हत्या. राजमती बोलत होती, पण लागेल तेवढंच. आप्पा आपले ताठ. “मी खोटं बोललो न्हाई,” असं न विचारताच सांगायचे. त्यांनी नवं पुस्तक मात्र घरी आणलं नाही.

मग एक दिवस टपालात बोरगावचं कार्ड आलं. दुसऱ्याचं कार्ड वाचू नये हे मला माहीत आहे. मी ते दोनदा वाचलं आणि काम टाकून घरी पळालो. आप्पा जेवून हात धूत होते. मीच वाचून दाखवलं.

“जयजिनेंद्र. पुस्तक वाचून झाले. खून दहा. दहाही खुनांस मजा आली. सबब उपास दहा केले, काल पारणे झाले. नववा व दहावा आपणास का रुचले नाहीत ते समजले नाही, समक्ष बोलू. मुलगी पसंत आहेच. मुहूर्त पाहण्यास यावे.”

आक्कांनी दोन्ही हात जोडून डोळे मिटले. आप्पांनी कार्ड माझ्या हातून घेतलं, चष्मा लावून स्वतः वाचलं आणि त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू खोल होत गेली.

“नववा आवडला?” ते म्हणाले. “आन धाव्वा बी? केस इंचरलेला? अशा मानसाला काय कळतंय? असल्या घरात पोरगी द्यायची न्हाई.”

मी काही बोलणार एवढ्यात राजमती बाहेर आली. स्वतःच्या लग्नाविषयी बापापुढे तोंड उघडायची तेव्हा पद्धत नव्हती. ती आप्पांच्या समोर येऊन उभी राहिली.

“आप्पा, नववा खून रटाळ हाय ते त्यास्नी कळलं नसंल व्हय? वाचनाऱ्या कुनाला बी कळंल. साठीच्या फुडलं मानूस धा दिस उपाशी ऱ्हायलं. पानी न पिता उटून गेलतं, मागारी यायला तोंड पायजे हुतं, म्हनून ऱ्हायलं.” तिचा आवाज चढला नव्हता. “परक्या मानसानं माज्यापायी धा उपास केलं. तुमी दोन बी केला न्हाईसा.”

एवढं बोलून ती आत गेली.

आप्पांनी कानामागचा दोरा सोडला, पुन्हा बांधला. मला वाटलं ते काही तरी दाखला देतील, कुंभाराचा नाही तर आणखी कुणाचा. त्यांनी दिला नाही. कार्ड कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि वखारीत गेले.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी ताट वाढलं, ते तसंच राहिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. घरात पुस्तक नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पारणं केलं, धुतलेला रुमाल डोक्याला गुंडाळला, नारळ घेतला आणि बोरगावला निघाले. मी सर्व्हिस मोटारीपर्यंत सोबत गेलो. त्यांना जरा अशक्तपणा होता, मधूनमधून माझ्या खांद्याला धरत होते.

स्टँडवर मला राहवेना.

“आप्पा, तिथं नवव्या खुनाचा विषय निघणार. काय सांगणार?”

“बेस हुता म्हनून सांगतो.”

“आणि दहावा?”

आप्पांनी मोटारीच्या पायरीवर पाय ठेवला होता. तो तसाच ठेवून त्यांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“त्यो त्येच्यापरीस बेस,” ते म्हणाले आणि आत जाऊन बसले.